मोकळं नाव

"...आणि 'डॉट कॉम' घ्यायचं की 'डॉट इन', तेही एकदा सांगून टाका, बुवा."

मठाच्या अंगणात बुवा तांदूळ निवडत होते. सुपातला एक खडा त्यांनी उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटासुलटा करून पाहिला आणि पाठीमागे टाकला.

निरंजन थांबला.

...

"बुवा?"

"ऐकतुय. डाट काम. म्होरं?"

पुढे काही नव्हतंच. सांगायचं ते निरंजनचं सकाळी दहापासून सांगून झालं होतं. आता दुपारचे अडीच वाजत आले होते आणि तीनची एस.टी. गाठायची होती. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाजात पुण्याच्या उद्योजक शिबिरात शिकलेला आत्मविश्वास होता.

निरंजन तारू हा नदीपलीकडच्या भोईवाड्यातला. घरची फुटाण्याची भट्टी, आज्यापासूनची. आज्या गेला, मग आप्पा बसले. आता आप्पांचे डोळे धुरानं पार गेल्यात जमा होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, धुरापासून लांब राहा. आप्पांनी गणपतीतच जाहीर केलं होतं, "ही दिवाळी शेवटची. तुझं ते इंटरनेटचं चाललं तर भट्टीवर माणूस ठेवू. न्हाय चाललं तर भट्टीचा इस्तू इझवू."

निरंजननं त्याआधीच नोकरी सोडली होती, शिबिर केलं होतं, पाकिटाचं चित्र काढून घेतलं होतं. पाकिटावर खाली एक रेघ मोकळी होती. तिथं वेबसाइटचं नाव यायचं होतं.

ती रेघ सात महिने मोकळी होती.

छापखानेवाल्यानं काल निर्वाणीचं सांगितलं होतं. आज पाच वाजता मशीन सुरू होणार. नाव आलं तर पाकिटं दिवाळीला मिळतील. नाही आलं तर दिवाळीनंतर बघू. आणि दिवाळीनंतर बघण्यासारखं काही उरणार नव्हतं.

"म्हणून आलो तुमच्याकडे," निरंजन म्हणाला.

यायचं कारण होतं. पंचक्रोशीत पोराचं, म्हशीचं, विहिरीचं, कशाचंही नाव अडलं की लोक मौनीबुवांकडे येत. बुवांचं स्वतःचं नावही असंच पडलेलं. एका श्रावणात दाढ ठणकत होती म्हणून नऊ दिवस ते कुणाशी बोलले नव्हते. दाढ काढली, नाव राहिलं. एरवी बुवा बोलायचे, पण बेताचं.

"किती काढलीस नावं?" बुवांनी विचारलं.

"एक्क्याऐंशी." निरंजननं वही उघडली. "नियम पाळून काढलीत. छोटं हवं. चटकन लक्षात राहणारं हवं. मधे रेघ नको, आकडा नको. परदेशातही चालायला हवं. आणि मोकळं हवं."

"मोकळं म्हंजी?"

"म्हणजे जगात दुसऱ्या कुणी आधी घेतलेलं नको. एकानं घेतलं की दुसऱ्याला मिळत नाही. चांगली चांगली सगळी लोकांनी आधीच घेऊन ठेवलीत, बुवा. वापरत नाहीत. नुसती घेऊन बसलीत."

"का?"

"दुसऱ्याला विकायला."

बुवांनी एक खडा बराच वेळ चिमटीत धरला.

"वाच."

"क्रंचोरिया."

बुवांनी खडा टाकला.

"चणाविस्टा."

आणखी एक खडा.

"न्यूट्रिरोस्टो. हे मला स्वतःला आवडलंय. यात आरोग्यही येतं आणि भाजणंही येतं."

"फुटानं कुटं येत्यात?"

"फुटाणे..." निरंजन जरा अडखळला. "फुटाणे पाकिटात येतात."

बुवांनी मान हलवली. पटल्यासारखीच हलवली. निरंजनला उगाच आशा वाटली.

एवढ्यात मठामागच्या वस्तीतली बायजाबाई दूध घेऊन आली. बुवा म्हणाले, "बायजे, ह्यो पोरगा एक नाव सांगतोय. नीट ऐक."

निरंजननं छाती पुढे काढून सांगितलं, "क्रंचोरिया."

"बरं बाबा," बायजाबाई म्हणाली. तिनं चरवी आत नेऊन ओतली, अंगण झाडलं, तुळशीला पाणी घातलं, वाळत टाकलेलं धोतर घडी करून ठेवलं. जाता जाता निरंजनपाशी थांबली. "कुनाचा रं तू?"

"मी... पुण्याला असतो."

"पुन्याचा व्हय."

"बायजे," बुवांनी सुपातून मान न उचलता विचारलं, "मगा काय नाव सांगितलं त्यानं?"

बायजाबाईनं कपाळाला हात लावला. बराच विचार केला.

"अवो, ते न्हवं का... कसला आजार झालाय म्हनत हुता." तिनं निरंजनकडे कणवेनं पाहिलं. "पर अंगानं बरा हाय पोरगा. हुईल नीट. दूध पीत जा."

आणि गेली.

निरंजन संतापला. हिशोबानं मांडलेलं सात महिन्यांचं काम एका दुधवालीनं आजारात काढलं होतं. "बुवा, ही काही माझी ग्राहक नाही. माझा ग्राहक शिकलेला आहे. शहरातला आहे. तो मोबाइलवर शोधणार."

"काय म्हनून शोधंल?"

"म्हणजे?"

"त्याला तुजं फुटानं खायचं झालं. मोबाइल हातात घेतला. काय म्हनंल त्याला?"

...

शिबिरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिथं चहाच्या सुट्टीत बिस्किटं होती आणि शेवटी प्रमाणपत्र होतं.

तेवढ्यात पुलाच्या बाजूनं एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. एकदा... दोनदा... मग लांब गेला.

निरंजननं घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं.

"गेली," बुवा म्हणाले. "पुढची सा वाजता."

निरंजनचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यानं मोबाइल काढला, डोक्यावर धरला, पारावर चढला, पाराच्या कठड्यावर चढला. या काठाला रेंज नव्हती. कधीच नव्हती. डोंगर आडवा येत असे.

"नदीच्या मदी येती म्हनत्यात," बुवा म्हणाले. "होडीनं जा की. धा मिन्टात भोईवाड्यात."

निरंजन कठड्यावरून खाली उतरला. होडीचं नाव काढताच त्यानं पुन्हा वही उघडली.

त्याला कारण होतं आणि ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. शिकायला पुण्याला गेल्यापासून निरंजन होडीत बसला नव्हता. या काठाला यायचं तर पुलावरून चौदा किलोमीटरचा वळसा घालायचा. मोटरसायकल असो, एस.टी. असो. दोनदा तो चालतही आला होता.

"अजून वेळ आहे," तो म्हणाला. "तुम्ही नाव तर सांगा."

"तांदूळ हुंदे."

बुवांनी अख्खं सूप निवडलं. मग दुसरं घेतलं. निरंजननंही न सांगता हात घातला, कारण दोघांनी निवडलं तर लवकर होईल असं त्याला वाटलं. तसं झालं नाही. त्यानं बाजूला काढलेले खडे बुवा पुन्हा तपासत होते. त्यात तांदूळ निघत होते.

चार वाजले. बुवा उठले, खांद्यावर उपरणं टाकलं. "चल. मलाबी गावात काम हाय."

निरंजन मुकाट्यानं मागोमाग निघाला. दुसरा इलाज नव्हता.

नदी भरून वाहत होती. पलीकडच्या काठाला बाभळीखाली होडी बांधलेली होती आणि होडीशेजारी गेनू उकिडवा बसला होता. घाटावर चार-पाच बाया धुणं धूत होत्या. वर भोईवाड्याची कौलं दिसत होती.

गेनूची एक रीत होती. त्याला लांबचं दिसत नसे, आणि कुणाच्या घरचं माणूस ते कळल्याशिवाय तो दोर सोडत नसे. पूर्वी सोडायचा. मग एकदा त्यानं न विचारता एका विमा एजंटाला पलीकडे नेलं. तो एजंट आठ दिवस गेनूच्या ओट्यावरून उठला नाही. तेव्हापासून आधी घर सांगायचं, मग होडी.

"हाक मार," बुवा म्हणाले.

"तुम्हीच मारा ना."

"मी कसा वरडू? मी मौनी."

निरंजननं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ओऽऽ गेनूदादाऽऽ!"

"कोऽऽन हाय?"

"निरंजनऽऽ!"

"कोऽऽन?"

"निरंजन ताऽऽरू!"

पलीकडे गेनूनं डोकं खाजवलं. "आरं समदंच ताऽऽरू हाईत! मीबी तारूच हायऽऽ! कुनाच्या घरचाऽऽ?"

निरंजननं हात खाली घेतले.

...

"वहीतलं सांग की," बुवा म्हणाले. "एक्क्याऐंशी हाईत."

"चेष्टा करताय, बुवा."

"न्हाय. मोबाइलवाल्याला पार पुन्यात ऐकू जानार म्हनतोस. गेनू तर हितं हाय. मदी नुसतं पानी हाय."

निरंजनचं डोकं भणाणलं. चार वाजून दहा झाले होते. त्यानं रागारागानं, फुप्फुसात होता नव्हता तेवढा वारा भरून आरोळी ठोकली.

"क्रंचोरियाऽऽऽ!"

काठावरचे दोन बगळे उडाले. घाटावरचं धुणं थांबलं. गेनूनं मान कलती करून ऐकलं, काहीच बोलला नाही, आणि खाली बसून बिडी पेटवली.

"चणाविस्टाऽऽऽ!"

एक बाई दुसरीला काहीतरी म्हणाली. दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

"न्यूट्रिरोस्टोऽऽऽ!"

गेनू ताडकन उभा राहिला. हातातली बिडी हलवत त्यानं निक्षून सांगितलं, "विमा नकोऽऽऽ!"

निरंजन मटकन वाळूत बसला. वही शेजारी पडली. वाऱ्यानं तिची पानं उलटत होती आणि त्याला ती आवरावीशी वाटेनात.

बुवा त्याच्याजवळ बसले.

...

"तुजा बाप हितनं काय वरडतो?"

उत्तर निरंजनला ठाऊक होतं. भोईवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

निरंजनच्या आज्याला भट्टीचा धूर सोसत नसे. कढईतली वाळू तापली, हरभरा उडायला लागला की त्याच्या डोळ्यांतून धारा लागत. गिऱ्हाईक समोर उभं, हा एका हातानं झारा हलवतोय, दुसऱ्या हातानं डोळे पुसतोय, आणि तसाच रडत रडत फुटाणे मोजून देतोय. लोक त्याला रडक्या म्हणायला लागले. भट्टी रडक्याची. फुटाणे रडक्याचे. पुढे आप्पा बसले, तेही डोळे गाळत बसले. नाव तेच राहिलं.

आणि शाळेत निरंजन. मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यात फुटाणे निघाले की अख्खा वर्ग एका सुरात गळा काढायचा. एकदा गुरुजींनीसुद्धा हजेरी घेताना हसून तेच नाव घेतलं होतं. चौथीत त्यानं ठरवलं, मरेपर्यंत रडायचं नाही. आजी गेली तेव्हा तो स्मशानात कोरडा उभा राहिला आणि घरी येऊन चार दिवस तापानं फणफणला. शिकायचं ते त्या नावापासून लांब जायला, आणि वेबसाइट काढायची तीसुद्धा त्या नावावर माती टाकायलाच. हे त्याचं त्यालाच आत्ता, वाळूत बसल्यावर, स्वच्छ कळलं. कळून त्याला लाज वाटली.

कारण आप्पा याच वाळूत उभे राहून, भरल्या बाजारातून येताना, डोक्यावर हरभऱ्याचं पोतं घेऊन तेच नाव खुशाल ओरडायचे. लहानपणी तो त्यांचा सदरा धरून शेजारी उभा असायचा. तेव्हा त्याला त्यात काही वाटत नसे.

तो उठला. घसा खाकरला.

"रडक्याचा," तो म्हणाला.

"मला ऐकू आलं," बुवा म्हणाले. "गेनूला न्हाय."

निरंजननं डोळे मिटले. तोंडाशी हात नेले.

"रडक्याऽऽऽचाऽऽऽ!"

आरोळी पुरी व्हायच्या आत गेनूनं बिडी टाकून दोर सोडला होता.

आणि मग जे झालं ते निरंजनच्या वहीत कुठल्याच नियमात बसत नव्हतं. घाटावरची एक बाई धोपटणं वर करून ओरडली, "रडक्याच्याऽऽ! आप्पाला सांग, दोन किलू खारं ठेव म्हनावंऽऽ! भाऊबीजंला भाऊ यायचाऽऽय!"

"मलाबी एक किलूऽऽ! आन् मागल्यासारखं करपवू नगा म्हनावंऽऽ!" दुसरी.

वरच्या अंगाला म्हशी धुणारा एक बाप्या पाण्यात उभा होता. त्यानं म्हशीच्या पाठीवरूनच विचारलं, "हळदीचं हाईत का रंऽऽ?"

"हाईऽऽत!" निरंजन ओरडून गेला. आपण पुण्याच्या बोलीत ओरडलो नाही हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांच्या कडा गरम झाल्या.

त्यानं पटकन बाहीनं पुसलं. "वाळू गेली डोळ्यात."

"जाती," बुवा म्हणाले.

होडी काठाला लागली. गेनूनं निरंजनला अगदी नाकाजवळ येऊन न्याहाळलं. "आरं तू हैस व्हय! मग मगाधरनं कोन वरडत हुतं हितनं?"

"गेला तो," बुवा म्हणाले आणि होडीत बसले.

निरंजननं वही उचलली. वाळू झटकून पिशवीत ठेवली.

गेनू वल्हं मारू लागला. चार चाळीस झाले होते. निरंजन मोबाइल हातात धरून बसला. नदीच्या मध्यावर आल्याबरोबर मोबाइल थरथरायला लागला तो थांबेना. छापखानेवाल्याचे अकरा चुकलेले फोन आणि एकच निरोप पुन्हा पुन्हा... नाव? नाव? नाव?

"गेनूदादा, जरा थांबव."

गेनूनं वल्हं रोखलं. होडी धारेत अंमळ डुलत राहिली.

निरंजननं नाव नोंदवायचं पान उघडलं. एवढ्या महिन्यांत या चौकटीत त्यानं नाही नाही ते लिहून पाहिलं होतं, पण ही अक्षरं कधी लिहिली नव्हती. 'रडक्याचे फुटाणे.' सगळं जोडून, मधे रेघ न घालता. शोधायचं बटण दाबलं.

एक चकती गोल फिरायला लागली. फिरली... फिरली... रेंज गेली, परत आली... पुन्हा फिरली.

मग हिरवी खूण उमटली.

"बुवा!" निरंजन होडीत उभाच राहिला. होडी कलली, गेनूनं शिवी हासडून त्याला खाली बसवलं. "बुवा, मोकळं आहे! डॉट कॉमसुद्धा मोकळं आहे! एवढ्या मोठ्या जगात हे नाव कुणी घेतलेलंच नाही!"

बुवांनी पाण्यात हात सोडला होता.

"कुनाचंच न्हाय?"

"कुणाचंच नाही! हे बघा, एवढं दाबलं की माझं झालं!"

त्यानं बोट बटणावर आणलं.

बुवा समोरच्या काठाकडे बघत होते. भोईवाड्याच्या कौलांवर धूर निघायला लागला होता. संध्याकाळची भट्टी पेटली होती.

...

"मग बापाला इचार की आधी," बुवा म्हणाले. "देतोय का."